बारकीच्या वाट्याचं आभाळ

माझ्या मावशीने चौतीस वर्षं दुसऱ्याने काढलेल्या चित्रांत रंग भरले. हे ऐकून लोक म्हणतात, "वा, किती छान काम! दिवसभर नुसते रंगच रंग." अशा लोकांना धरून नेऊन आठ तास त्या स्टुलावर बसवावं असं मला वाटतं. स्टुलाला पाठ नव्हती. पाठ असली की माणूस टेकतो आणि टेकला की त्याचा हात मंदावतो, असं तिथल्या मुकादमाचं मत होतं. तो स्वतः खुर्चीवर बसायचा.

छापखान्याच्या पहिल्या मजल्यावर ती रंगखोली होती. सहा टेबलं, दर टेबलाला दोन बायका. 'चांदणदर्या' नावाचं चित्रकथांचं मासिक तिथे निघायचं. एक दर्यावर्दी बाई जहाज घेऊन या ग्रहावरून त्या ग्रहावर आपल्या हरवलेल्या आईला शोधत फिरते, अशी ती कधीही न संपणारी गोष्ट. चित्रकारसाहेब काळ्या शाईत चित्रं काढून पाठवायचे, कुठे कोणता रंग ते पेन्सिलीने लिहायचे, आणि मग चार हातांचे सैनिक, राण्यांचे दागिने, वाळूचे डोंगर, सगळ्यांना रंग द्यायच्या या बारा बायका. मासिकावर नाव एकट्या साहेबांचं.

मावशीने लग्न केलं नाही. आईचं शिक्षण तिच्या पगारावर झालं, आणि आई शिकून नोकरीला लागली म्हणून मीही शिकले. आता ती आमच्याकडेच राहते. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं नीट मिटत नाहीत. कांदा चिरताना ती सुरी डाव्या हातात धरते आणि कुणी विचारलंच तर सांगते, "उजवा हात पेन्शनवर गेलाय." बाकी दिवसभर तिचं एकच पालुपद: दमले बाई. सकाळी उठल्या उठल्यासुद्धा.

गेल्या वर्षी 'चांदणदर्या'वर सिनेमा आला. पैसा पाण्यासारखा ओतला होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला इमारतीच्या उंचीचं पोस्टर लागलं: सोनेरी जहाज, त्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर ती बाई आणि मागे सगळीकडे हिरवंगार आभाळ. ज्याच्या त्याच्या तोंडी ते आभाळ. शेकडो माणसं म्हणे दोन वर्षं कॉम्प्युटरवर नुसतं आभाळच करत बसली होती. नव्वदीला टेकलेले चित्रकारसाहेब टीव्हीवर म्हणाले, "जिथे आई हरवली त्या ग्रहाचं आभाळ निळं कसं असेल? मला ते पहिल्यापासून हिरवंच दिसलं."

मावशीने टीव्ही बंद केला. "दमले बाई," म्हणाली. ती रोजच म्हणते, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

त्याच आठवड्यात सिनेमाच्या कंपनीकडून एक मुलगी घरी आली. तरतरीत, गोड बोलणारी. छापखाना बंद पडला तेव्हा त्याची जुनी कागदपत्रं कंपनीने उचलली होती, आणि त्यातली एक वही ती घेऊन आली होती.

"आजी, जुन्या कामगारांसाठी आम्ही सिनेमाचा खास खेळ ठेवलाय," ती म्हणाली. "तेव्हा हिरव्या आभाळाच्या बाईंचा सत्कार करायचाय. साहेब काहीही म्हणू देत, मूळ चित्रावर त्यांच्याच अक्षरात 'निळे' लिहिलंय. मी डोळ्यांनी पाहिलंय."

तिने वही उघडली. मुकादमाचं अक्षर: अंक सेहेचाळीस. अकरा पानांचे आभाळ बिघडवले. कामावरून कमी. पुढे मावशीच्या टेबलावरच्या जोडीदारणीचं नाव. अंगाने एवढीशी म्हणून सगळी खोली तिला बारकी म्हणायची.

"या कुठे राहतात, काही कल्पना?"

मावशीने पत्ता सांगितला. गल्ली, इमारत, मजला, डाव्या हाताचं दार. बारकीने मधल्या काळात दोनदा घर बदललं होतं, तेही सांगितलं. मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण या दोघी एकतीस वर्षांत एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या.

मुलगी गेल्यावर मावशीने दाराला कडी घातली. मग म्हणाली, "ते आभाळ मी रंगवलं होतं."

त्या खोलीत दर टेबलावरच्या दोघींची कामं वाटलेली असत. एका आठवड्यात एकीकडे आभाळ आणि जमीन, दुसरीकडे माणसं. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कुणाच्या वाट्याला काय, ते मुकादम वहीत लिहून ठेवी. रंगांचा क्रमही ठरलेला: आधी पिवळा, मग लाल, शेवटी निळा. आणि एक नियम नवीन बाईला पहिल्याच दिवशी सांगत. ट्यूबलाइट गेली आणि साधा पिवळा बल्ब लावावा लागला, तर पिवळ्या रंगाच्या वाटीवर झाकण ठेवायचं. कारण त्या उजेडात कागदावरचा फिकट पिवळा दिसतच नाही. कितीही भरा, कागद कोराच वाटतो.

त्या आठवड्यात आभाळ बारकीच्या वाट्याला होतं. तिला तिसरा महिना होता, सकाळपासून उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. मावशी म्हणाली, "जा, मागे कागदाच्या गठ्ठ्यांवर पड जरा. तुझी आभाळं मी करते." बारकी गेली. दुपारी ढग दाटून आले, ट्यूब गेली, बल्ब लागला. आभाळात फक्त खाली, जमिनीला टेकतं तिथे पिवळ्याची एक फिकट पट्टी द्यायची होती. बारकी ती देऊन गेली होती. मावशीला ती दिसली नाही. राहून गेली असेल म्हणून तिने पिवळा घेतला. तोही दिसेना, म्हणून आणखी घेतला, वरपर्यंत ओढला. पानं सकाळच्या गाडीने छपाईचे ठसे करायला बाहेरगावी जायची होती. नियम पाळत बसायला वेळ कुणाला? त्यावर निळा दिला. बल्बखाली निळा तसाही हिरवटच दिसायचा, तेव्हा तिला काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या उजेडात अकरा पानं हिरवीगार.

साहेबांना कळवलं तेव्हा त्यांनी फोनवरून आरडाओरडा केला. मुकादमाने वही उघडली, आभाळ कुणाकडे ते पाहिलं आणि बारकीला उभं केलं. "मी नाही केलं," एवढंच ती म्हणाली. मग कुणी केलं, ते तिने सांगितलं नाही. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मावशी एका सैनिकाचा चौथा हात रंगवत होती. ती मूग गिळून बसली. पोटातलं पोर घेऊन बारकी दुपारच्या आत घरी गेली. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता म्हणून अंक तसाच छापला, आणि महिन्याभरात वाचकांची पोतंभर पत्रं आली: आभाळ काय सुंदर! तेव्हापासून त्या ग्रहाचं आभाळ हिरवंच ठेवायचं ठरलं. बारकीला परत बोलवावं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"तू तरी सांगायचंस," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"तुझ्या आईची परीक्षा होती त्या वर्षी. फी भरायची होती." मग स्वतःच म्हणाली, "पण ते झालं त्या वर्षापुरतं. पुढची तीस वर्षं काय होतं, ते मला सांगता येणार नाही."

मला राग आला होता. पण आमच्या घरात जे काही आहे, ते त्या गप्प बसण्यावर उभं आहे, हे कळल्यावर तो राग नेमका कुणावर काढायचा, तेच समजेना.

मावशीच्या मनात एक हिशेब पक्का झाला होता. शिक्षा बारकीने भोगली, तर आता कौतुकही बारकीचंच होऊ दे. ते पटवायला ती मला घेऊन तिच्याकडे गेली. तीन जिने. मावशी दर वळणावर थांबली, आणि ते फक्त गुडघ्यांमुळे नव्हतं.

बारकीने दार उघडलं. मावशीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "केवढी वाळलीस गं. आता तूच बारकी." मग आत जाऊन पाणी आणलं. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन, शाळेच्या शर्टांचा ढीग, गुंड्यांचे डबे. नवरा केस कापून घ्यायला गेला होता. त्या वेळी पोटात असलेल्या मुलीचा लग्नातला फोटो भिंतीवर होता.

सिनेमावाली मुलगी येऊन गेली होती. बारकीने तिला सरळ सांगितलं होतं: मी नाही केलं.

"अगं, घे की," मावशी म्हणाली. "सगळ्यांसमोर मान मिळतोय. तुझ्या हक्काचा आहे."

"कसला हक्काचा? शिव्या पडल्या तेव्हा चूक माझी, आणि आता हारतुरे आले तरी माझीच? मी ती केलेलीच नाही."

बारकीने शर्ट उचलला, गुंडी लावली, दोरा दाताने तोडला.

"मी झोपले होते हे सांगितलं असतं तर दोघी गेलो असतो. म्हटलं, एक तरी राहू दे. नोकरीचं मला काही नाही. पण मला वाटलं, संध्याकाळी तू घरी येशील. निदान ह्यांना सांगशील की हिची चूक नव्हती. मी वाट बघितली. त्या दिवशी बघितली, त्या आठवड्यात बघितली." तिने दुसरा शर्ट ओढला. "आमच्याकडे अजून, मीठ जास्त पडलं की हे म्हणतात, बिघडवलंस का आभाळ? पोरगीही म्हणायची. आता जावईही म्हणतो. हसतात सगळे. वाईट नाहीत गं ते. पण म्हणतात."

"मी आज सांगते. थांबते ते येईपर्यंत."

"बैल गेला आणि झोपा केला," बारकी म्हणाली. "इथे सांगशील तर त्यांना वाटेल, मैत्रीण मन राखायला आलीय. त्यांना सगळ्यांसमोर झालेलं तेवढं खरं वाटतं. तिथेच सांग. मी ह्यांना घेऊन येते."

परत येताना मावशी जिन्यात बसलीच. "बाकी काही नको," म्हणाली. "तिच्या नवऱ्याच्या कानावर माझ्या तोंडून एवढं पडलं, की सुटले."

खेळ रविवारी सकाळी होता. थिएटर भरलेलं. पुढच्या रांगेत चाकाच्या खुर्चीत साहेब. मी, माझ्या शेजारी मावशीची खुर्ची, तिच्यापलीकडे बारकी आणि तिचे यजमान. नवे कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट, भला माणूस. मला म्हणाले, "आमच्या हिनेही होतं त्या छापखान्यात काम केलेलं. थोडे दिवस."

सिनेमावाल्या मुलीने मावशीला स्टेजवर बोलावलं. मावशीने तिला आधी फोनवर एवढंच कळवलं होतं की आभाळ माझं होतं. मुलीला काय, हार घालायला एक मान हवी होती. मावशी कठड्याला धरून पायऱ्या चढली. मोठा गुच्छ तिच्या हातात दिला, तो तिने खाली ठेवला आणि माइक जवळ ओढला.

"ते आभाळ मी रंगवलं," ती म्हणाली. "चुकून. काही सुचलं-बिचलं नव्हतं. नावावर बारकीच्या लागलं, आणि तिला कामावरून काढलं. तिने काहीच केलं नव्हतं. मला त्याच दिवशी माहीत होतं. मी गप्प बसले."

मग टाळ्या. अशा टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. लोक उठून उभे राहिले.

"अहो, टाळ्या नका वाजवू," मावशी म्हणाली. "खरंच सांगतेय मी." त्यावर लोक हसले आणि आणखी जोरात वाजवायला लागले. मुलीने डोळे पुसत माइक घेतला: "इतकं मोठं काम करून इतकी नम्रता! चुकून म्हणे!" साहेबांनी खुर्चीतूनच आशीर्वादासारखा हात वर केला. वर उभी असलेली माझी मावशी पार दमलेली दिसत होती, आणि या वेळी ते मला दिसलं.

बारकीचे यजमानही टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांचे हात हळू झाले, मग थांबले. ते बायकोकडे वळले.

"म्हणजे ते तू केलं नव्हतंस?"

"नाही."

"मग मला सांगायचं नाही का?"

बारकी समोर बघत होती. "पहिली चार वर्षं रोज सांगत होते," ती म्हणाली. "मग सोडून दिलं."

दिवे मंद होऊ लागले तशी मावशी चाचपडत रांगेत आली. गुच्छ वरच राहिला होता. तिने बारकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकलं का गं त्यांनी?"

"ऐकलं," बारकी म्हणाली आणि मावशीच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून घेतली. "बस आता."