सोमवारच्या आधीचा आवाज

खटकचिंचोळीचे माणिकप्पा तीस वर्षं लाइनमन होते. विजेच्या खांबावर चढताना कधी भ्यायले नाहीत. पण त्या शनिवारी दुपारी, नौबादच्या एका बंद खोलीत ते घाबरले होते. भिंतींना गोधड्या ठोकलेल्या, पंखा बंद, समोर माइक.

खोली अमरदीपची. मैलूरच्या या तरुणाने डिप्लोमा करून तिथे रेकॉर्डिंगचं सामान मांडलं होतं. 'कारंजा' या रॉक बँडच्या पहिल्या अल्बमची आठ गाणी तिथेच झाली. नवव्या गाण्यासाठी गिटार वाजवणारी शिवलीला हटून बसली होती. ते तिचे मामा माणिकप्पाच गाणार. भजनं गाऊन गाऊन खरखरीत झालेला तो आवाज तिला गिटारच्या गदारोळात हवा होता.

आणि तो आजच घ्यायचा होता. माणिकप्पांच्या घशात गाठ होती. सोमवारी हैदराबादला ऑपरेशन. "आवाज पहिल्यासारखा राहील का?" या प्रश्नावर डॉक्टर नुसते "बघू" म्हणाले होते. तोवर गळ्याला ताण देऊ नका, हेही त्यांनी बजावलं होतं.

पहिल्या टेकमध्येच टिक, टिक असं काहीतरी वाजलं. अमरदीपने वायर बदलली. दुसऱ्या टेकलाही टिक, टिक. त्याने माइक बदलला. तिसऱ्याला माणिकप्पांचा आवाज चिरकू लागला. चौथ्यानंतर ते स्टुलावर बसले, गळा धरून.

"माझ्यातच काय तरी वाजायलंय का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "गाठ वाजती व्हय?"

"गाठ न्हाई, काका." अमरदीप खाली बघत म्हणाला. "गळ्यातली लिंगाची डबी. चांदीची हाय, शर्टाच्या गुंडीला लागायलीय. मला दुसऱ्या टेकलाच कळलं."

"मग कामून बोललास न्हाई?" शिवलीला उसळली. "माइक काय बदलायलास, याड्या? मामाचा गळा काय भाड्यानं आणलाय?"

"कसं बोलू, अक्का? आम्ही बौद्ध. तुमच्या मामाला मी लिंग काढा म्हणू? भ्या वाटलं."

माणिकप्पांनी डबी मुठीत धरली. लिंगायत दीक्षा झाल्यापासून ते लिंग कधी अंगावेगळं झालं नव्हतं. ऑपरेशनच्या टेबलावर ते काढायला लावतील, याची धास्ती त्यांना चिरफाडीहून मोठी होती. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"काढणार न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी डबी उघडली, रोजच्या पूजेत घेतात तसं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि रिकामी डबी भाचीकडे दिली.

"हातात म्हणजे अंगालाच हाय की. लाव मशीन."

पाचव्या टेकमध्ये टिकटिक नव्हती. शेवटच्या ओळीला आवाज फाटला आणि तसाच शेवटपर्यंत गेला.

"हाच ठेवायचा," शिवलीला म्हणाली.

"ऐकता का, काका?" अमरदीपने विचारलं.

"नको रे. आता ऐकलं तर जास्तच भ्या वाटंल."

ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "आणखी एकदा लाव. गाणं न्हाई. घरी द्यायचंय, बायकोला."

लाल दिवा लागला. माणिकप्पा माइकसमोर उभे राहिले. इतकी वर्षं आपण तिच्याशी काय बोलत आलो, तेच त्यांना आठवेना. शेवटी ते फाटक्या आवाजात म्हणाले, "बसव्वा, च्या टाक."