हात मागे बांधून उभी असलेली सिस्टर

पोरगं जन्मलं, पण रडत नव्हतं. निळं पडलं होतं, हातपाय लुळे, अन् जिच्या भरोशावर मी तिथं आली ती सिस्टर हात मागे बांधून उभी! फुग्यासारखी पिशवी त्याच्या तोंडावर धरून दाबत होती एक ट्रेनिंगवाली पोरगी, माझ्याच वयाची. पिशवी घडीघडी तोंडावरून सरकत होती. मी पडल्या पडल्या ओरडली, "अहो सिस्टर, तुम्ही करा ना! माझ्या लेकरावर शिकवता काय?"

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं बी नाही. "पूजा, छाती उठून राहिली का?"

"नाही, मॅडम."

"मग मास्क बसला नाही. मान जराशी मागं कर. हां. आता दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन."

आवाज असा, जसं कोणाला पोळी लाटायला सांगून राहिली.

ही सुमन सिस्टर. बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात तिला सगळे घाबरत. माझी सासू दारात पाचसहा बाया घेऊन उभी राहिली तर म्हणे, "काकू, वरात बाहेर थांबवा, नवरदेव अजून यायचा आहे." अन् पोरींना म्हणे, "संध्याकाळी माझे हात मी घरी घेऊन जाते. मग इथं कोणाचे हात कामाले येतील? तुमचेच ना?" पुढे ठेवले की मधीच घुसतात, म्हणून ती आपले हात मागे बांधायची.

पण एक गोष्ट मी अजून सांगितली नाही.

मी दवाखान्यात आल्या आल्या सिस्टरनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला अन् हळूच विचारलं, "बेटा, गावात कोणी कळा वाढवायची सुई लावली का? त्यानं लेकराचा श्वास कोंडतो. खरं सांग, मी रागावणार नाही."

सकाळीच आमच्या गावात, दापोऱ्यात, दोन लावल्या होत्या. लवकर मोकळी होते म्हणून सासूनंच सुईवाल्याला घरी बोलावलं होतं. आमच्याकडे सगळ्याच लावतात. सासू पायथ्याशी उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणली, "नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

पोरगं शेवटी कुथलं, अन् रडलं. तेव्हा कुठं सिस्टरचे हात पुढं आले. पहिले पूजाच्या डोक्यावर, मग माझ्या. "घे तुझा पहिलवान."

घरी आलो तर सगळे भडकलेले. तक्रार करायची ठरली. घरात लिहिता येणारी मीच, आठवी पास. सासरे सांगत गेले, मी लिहिलं: सिस्टर हात बांधून उभी राहिली. ते तर खरंच होतं ना? म्हणून पेन अडला नाही.

दवाखान्याचे मोठे साहेब चौकशीला बसले. मला विचारलं, "गावात काही सुई वगैरे दिली होती?" सिस्टर समोरच होती, हात मागेच. पोरगं सासूच्या मांडीवर होतं. मी पुन्हा म्हणली, "नाही."

तिला बाळंतपणाच्या खोलीतून काढलं. आता ती पोरांना लस टोचतात त्या टीक्याच्या खिडकीत कार्ड लिहिते. परवा मी पोराला घेऊन गेली, तर तिनं ओळखलं. "मान सांभाळ त्याची," इतकंच बोलली. मी पोराच्या मानेखाली हात घातला. आतल्या पोरींना आता दाब, दोन, तीन कोण म्हणत असेल?

तुम्हीच सांगा. राहायचं त्याच घरात, अन् पोरगं सासूच्या मांडीवर. तुम्ही काय बोलल्या असत्या?