हातांमधली फट

शहराच्या मोठ्या चौकात दोन देशांच्या मैत्रीचं स्मारक आहे. उंच चौथऱ्यावर माणसाएवढे, ब्रॉन्झचे दोन पुरुष हातात हात देऊन उभे. त्यातला एक हात थोरल्या ओताऱ्याचा, दुसरा त्याच्या धाकट्या भावाचा.

शिल्पकाराला कष्टाच्या, खऱ्या हातांचे साचे हवे होते. पण धाकट्याने नुकतीच भट्टी वेगळी थाटलेली. भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. शिल्पकाराने विनवण्या केल्या. शेवटी थोरला सोमवारी जाऊन हवेत हात धरून बसला, धाकटा गुरुवारी. ओतकाम झालं तेव्हा कळलं, पंजे नीट मिळतच नाहीत. मधे बोटभर फट राहिली. उद्घाटनाला टाळ्या पडल्या, फट कुणाला दिसली नाही.

पुढच्याच वर्षी धाकटा तापाने गेला. थोरल्याला निरोप मिळाला तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून वारा सुटला की फटीतून शीळ येई, धाकटा भट्टीपाशी घालायचा तशीच. थोरला चौक टाळून लांबच्या रस्त्याने जाई. शीळ तिथेही येई.

यंदा पंचविसावं वर्ष. पालिकेचा इंजिनिअर दारात आला.

"काका, फटीत पाणी मुरतंय. तेवढी भरून द्या."

"जमायचं नाही."

आतून बायको कडाडली, "भावजी होते तेव्हा हट्ट, नाहीत तेव्हाही हट्टच!"

"अगं, भरली की गप्प होईल तो."

"मग? बोलत होते तेव्हा कुठे ऐकलंत?"

थोरला बराच वेळ चपला शोधत राहिला. त्या पायातच होत्या.

दुसऱ्या दिवशी तो पुतळ्यांभोवती बांधलेल्या परांचीवर चढला. ज्योत लावली, धातू वितळवला, फट काठोकाठ भरली. मग हातमोजा काढून त्याने धाकट्याचा पंजा मनगटाजवळ धरला. तो ऊन होता, तापात असतो तसा.

खालून इंजिनिअर ओरडला, "झालं ना काका? उतरा की!"

"निवू दे," थोरला म्हणाला.

निवायला कुणी धरून बसावं लागत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तो बसला. ऊब मनगटातून गेली, मग तळव्यातून, शेवटी बोटांतून. वारा आला आणि मुकाट निघून गेला. हात पुरता गार पडेपर्यंत थोरल्याने तो सोडला नाही.