पाचच्या गाडीपर्यंतचा सिनेमा

सिनेमा संपायच्या आत उठायची मला खोड आहे. भुताखेतांच्या चित्रांचं मला वेड नाही. मला आवडतात ती मनातली भीती दाखवणारी चित्रं. घर साधं, माणसं साधी, वाटीत आमटी, खुंटीवर सदरा, आणि तरी त्या घरात कुणीतरी कुणालातरी नीट ओळखत नसतं. असं चित्र लागलं की मी पहिल्या पाटीपासून डोळे लावून बसते, आणि आता सगळं उघड होणार अशी चाहूल लागली की पदर सावरून उठते. सून वैतागते. "अहो आई, आत्ता तर कळणार आहे!"

ही खोड मला मद्रासनं लावली.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मद्रासजवळच्या आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये मी नवी नवरी म्हणून आले. लाल माती, लांबवर ताडाची झाडं, आणि एकसारख्या बैठ्या घरांच्या रांगा. पाणी आणायला गेले की परतताना दारं मोजत यायची, नाहीतर दुसऱ्याच्या घरात शिरले असते. माझी शाळा चौथीत सुटली होती. आई गेली, धाकट्या भावंडांचं करायला कुणी नव्हतं, म्हणून सुटली. अशा मुलीला सरकारी नोकरीतल्या माणसानं एक पैसा न मागता करून घेतलं, हे माझ्या माहेरी सगळ्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते मला श्लोकासारखं पाठ झालं होतं.

आणि आमच्या घरी एक माघारी आलेली आत्या होती. तिला सासरहून का परत पाठवलं, ते कुणी बोलत नसे. तिला कुणी टोचून बोलायचंही नाही. फक्त पाहुणे आले की तिला परसात काहीतरी काम निघायचं. मद्रासला निघताना तिनं माझ्या हातात हळदीकुंकवाची पुडी दिली आणि म्हणाली, "जपून राहा गं. आपलं काय चुकलं, ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही." तेव्हापासून रोज सकाळी देवापुढं माझं एकच मागणं असायचं: मला परत पाठवू देऊ नकोस.

आमचे हे फार कमी बोलायचे. कारखान्यात पाच वर्षं काढल्यामुळे तमिळ अगदी घरच्यासारखं बोलत, पण माझ्याशी मराठीत दिवसाला दहा वाक्यं. रागानं नव्हे. सवयच नव्हती. सकाळी सातला डबा घेऊन जायचे, सायंकाळी साडेसहाला यायचे. मधल्या वेळात त्या घरात घड्याळ, स्टो आणि मी.

शेजारच्या अक्कांनी मला वाचवलं. त्या तंजावरच्या मराठी. त्यांचे यजमान कारखान्याच्या हपीसात कारकून. पहिल्या आठवड्यात मी अंगणात रडत बसलेली त्यांनी कुंपणावरून पाहिलं आणि विचारलं, "कां गे रडतेस? कोण मारलें तुला?" पोथीतल्यासारखी ती मराठी, सूर तमिळ, पण मराठी! मी आणखीच रडले. पुढं त्यांनी मला सांबार शिकवलं, बाजार शिकवला, आणि एका बुधवारी म्हणाल्या, "चल गे, मॅटिनीला जाऊं."

"ह्यांना विचारायला हवं."

"विचारलेंस तर नक्को म्हणतील. नाहीं विचारलेंस तर काय म्हणतील?"

मी चपला घातल्या. दुपारच्या गाडीनं आम्ही मद्रासला जायचो, स्टेशनपासून थोडं चाललं की थिएटर. अडीचचा खेळ. बायकांची बाकं वेगळी. वर पंखा कुरकुरायचा, आणि अंधारात सगळ्यांच्या वेण्यांतल्या मोगऱ्याचा वास साचून राहायचा. अक्कांना रडकी चित्रं आवडत नसत. "रडायला घरींच ढीग अहे," म्हणायच्या. त्यांना हवी असायची खून, संशय, बंद कपाट, खोटं बोलणारा डॉक्टर असली चित्रं. त्या कानात कुजबुजत मला अर्थ सांगायच्या, पण ऐन रंगात आल्या की "थांब गे!" म्हणून माझा हात दाबायच्या आणि मी तिथंच अडकायची. मग मी फक्त चेहरे बघायची. भाषा कळत नसली की माणसाचा चेहरा फार वेगळा दिसतो. तोंड गोड बोलतंय आणि पापणी भलतंच सांगतेय, हे मला बाकीच्यांच्या आधी दिसायचं.

अडचण एकच. अक्कांच्या सासूबाईंना सहाला कॉफी लागायची आणि मला ह्यांच्या आधी घरी पोचायचं असायचं. म्हणजे पाचची गाडी. म्हणजे पाचाला वीस कमी असताना, पडद्यावर काहीही चाललेलं असो, अक्का उठायच्या. "चल गे, गाडी." एकूण एक चित्र आम्ही शेवटची चार-पाच रिळं सोडून पाहिलं. बाहेर गाण्यांचं चोपडं विकत मिळायचं, त्यात गोष्टही छापलेली असायची. गाडीत बसल्यावर मी अधीरपणे म्हणायची, "अक्का, वाचा ना, शेवटी काय झालं?" त्या चष्मा लावून वाचायच्या, आणि ते चोपडंसुद्धा नेमकं तिथंच थांबायचं. खाली एक ओळ: उरलेली गोष्ट रुपेरी पडद्यावर पाहा.

त्यामुळं झालं काय, की ती सगळी न सुटलेली माणसं माझ्याबरोबर घरी यायला लागली. जिला शेवट मिळतो ती भीती थिएटरात राहते. माझी भीती गाडीत बसायची, तिकीट न काढता.

त्यातल्या एका चित्रानं मला धरलं ते धरलंच. डोंगरावरचं एक घर. नवी नवरी. नवरा चांगला, जरा जास्तच चांगला. रोज सायंकाळी तो मोगऱ्याचे दोन गजरे आणतो. एक एका बंद खोलीच्या दाराशी ठेवतो, तिथं थोडा वेळ नुसता उभा राहतो, आणि मग दुसरा घेऊन बायकोकडं येतो, हसत. ती खोलीबद्दल विचारते तेव्हा हसू तसंच ठेवून म्हणतो, "कदवै तिरक्कादे." दार उघडू नकोस. हे तो चार-पाच वेळा म्हणतो, दर वेळी जरा हळू. शेवटी एका दुपारी ती कडीला हात घालते...

"चल गे, गाडी."

ते चित्र आम्ही लागोपाठ तीन बुधवार पाहिलं. तिन्ही वेळा कडीपर्यंतच.

घरी एकटी असले की मी ते पुन्हा करायची. खरं सांगायचं तर मी सगळीच चित्रं करायची, स्टोपुढं, झारा हातात घेऊन. घर फार गप्प होतं, त्याला काहीतरी बोलायला लावायचं. अर्थ ठाऊक नसलेली तमिळ वाक्यं मला सुरासकट पाठ व्हायची. नवरीचं बारीक आवाजात, नवऱ्याचं घोगऱ्या. ती माझी करमणूक, आणि माझं चोरून केलेलं काम. ह्यांच्या कानावर ते पडू नये म्हणून सहाच्या सुमाराला गप्प व्हायचा माझा नेम होता. पण रंगले की नेम कुठला!

मग एका सायंकाळी मला पाय दिसले.

दाराच्या फळीखाली चार बोटांची फट होती. दिवे लावायची वेळ, बाहेर उजेड अजून थोडा, आणि त्या फटीत दोन काळे बूट. ह्यांचे. हे आले होते, पण कडी वाजवत नव्हते. नुसते उभे. मी श्वास धरला. मनात आकडे मोजले. साठ झाले, सत्तर झाले. मग कडी वाजली. मी दार उघडलं तर हे नेहमीसारखे आत आले, पाय धुतले, जेवले, झोपले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट. तिसऱ्या दिवशी शंभरपर्यंत मोजलं. एवढा वेळ माणूस स्वतःच्या घराबाहेर का उभा राहील? पडद्यावरचा तो माणूस मला आठवायचा आणि मानेवर काटा यायचा. हे जेवताना माझ्याकडं बघायचे तेही वेगळंच. मी वळले की नजर काढून घ्यायचे. एकदा भात वाढताना माझ्या हाताचा स्पर्श झाला तर चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मी अक्कांना सांगितलं. त्या नेहमी हसायच्या, पण त्या दिवशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बुधवार आतां पुरे करूं गे."

गुरुवारी अंथरूण झटकताना ह्यांच्या उशीखालून एक अंतर्देशीय पत्र पडलं. अर्धं लिहिलेलं, सासूबाईंना. माझं वाचन चौथीचं, बोट ठेवून वाचलं. "हिची प्रकृती ठीक वाटत नाही. काही दिवस तिच्या माहेरी आणून सोडावे म्हणतो. कारण समक्ष सांगेन, पत्रात लिहिण्यासारखे नाही."

मी ते होतं तसं उशीखाली ठेवलं. दिवसभर डोळ्यांपुढं परसात काम करणारी आत्या. आपलं काय चुकलं, ते कळत नाही.

त्या सायंकाळी मी कुठलंही चित्र केलं नाही. दारासमोर बसून राहिले. फटीत बूट आले. मी मोजायला लागले, आणि वीसला माझं मलाच कळलं की मला शंभरपर्यंत थांबवणार नाही. पत्र पोस्टात पडलं की मी आत्या होणार. मी उठले आणि कडी वाजायच्या आत दार उघडलं.

हे दोन पावलं मागं सरकले. तोंड पांढरंफटक. तो चेहरा मी ओळखत होते. तीन बुधवार पाहिला होता, फक्त तो नवऱ्याचा नव्हता, कडीला हात घातलेल्या नवरीचा होता. ह्यांच्या मुठीत कुंकू लावलेलं लिंबू होतं.

"आज आवाज नाही?" ह्यांनी विचारलं.

"कसला आवाज?"

"आतला. तो माणूस."

"कुठला माणूस हो?"

"मला आधी वाटलं, घरात कुणी येतं. म्हणून खिडकीतून पाहिलं. तू एकटीच होतीस. स्टोपुढं. आणि तुझ्या तोंडून तो बोलत होता. तमिळमध्ये! तुला भाजीचा भाव विचारता येत नाही अजून." ह्यांनी लिंबू माझ्यापुढं धरलं, पण हात लांब ठेवून. "रोज मी येतो तर तो आतून म्हणतो, दार उघडू नकोस. कसा उघडू मी?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. हसावं की रडावं ते कळेना, म्हणून दोन्ही केलं. मग सगळं सांगितलं: बुधवार, अक्का, मॅटिनी, पाठ केलेली वाक्यं, न विचारता गेले ते. म्हटलं, "काय शिक्षा करायची ती इथं करा. माघारी धाडू नका. एवढंच."

ह्यांनी लिंबू माझ्या ओंजळीत टाकलं. मग म्हणाले, "ते देवळातल्या पुजाऱ्यानं दिलंय. सरबत कर." आणि आत येऊन, बूट काढता काढता, "मग? त्या खोलीत काय होतं?"

"माहीत नाही. पाचची गाडी होती."

लग्नानंतर हे पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते त्या सायंकाळी. पत्र ह्यांनी स्टोवर धरून जाळलं.

रविवारी हे मला स्वतः घेऊन गेले, शेवट दाखवायला. थिएटरवर दुसरंच चित्र लागलं होतं, भिंतीच्या कडेला जुन्या जाहिरातीचा एक कोपरा राहिला होता, त्यात नुसता गजरा. आम्ही कॉफी प्यायलो आणि फलाटावर येऊन बसलो. ह्यांना माझं वाईट वाटलं असावं. म्हणाले, "एवढं काय त्यात. खोली रिकामीच होती."

"तुम्ही पाहिलं ते चित्र?"

"नाही. तूच म्हणायचीस की. त्याच्या आवाजात, अगदी शेवटी. 'आत काहीच नाही. तू उघडतेस का, एवढंच पाहत होतो.' हे ऐकूनच तर मी जास्त घाबरलो होतो."

गाडी आली, आम्ही चढलो. हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अक्कांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाहीं गे. तें बोलणें कुठें झालें? ती कडीला हात घातली, आपण उठलों."

हे थट्टा करणारे नव्हते. पण त्या दिवसापासून थोडी थट्टा करायला लागले होते, हेही खरं. मी पुन्हा विचारलं नाही. त्या घरात अकरा वर्षं राहिलो. सायंकाळी बूट आले की लगेच कडी वाजायची.

आता हे नाहीत. मागच्या महिन्यात ते चित्र टीव्हीवर लागलं. पहिल्या गजऱ्याला मी ओळखलं. सून शेजारी बसली होती, आता तिलाही असल्या चित्रांची गोडी लागली होती. पडद्यावर दुपार झाली, नवरी बोळकंडीतून त्या बंद खोलीपाशी चालत आली, कडीला हात घातला. खोलीत काही निघालं, तर ते वाक्य ह्यांनी मला बरं वाटावं म्हणून रचलं होतं. आणि रिकामी निघाली, तर माझ्या तोंडून कोण बोलत होतं? मला ह्यांतलं एकही नको होतं. मी पदर सावरून उठले.

"आई! कडी काढली तिनं!"

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला.