सवचं गार पाणी

देवापाशी काडी ओढली, की गंधकाच्या वासासरशी मी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाशी जाऊन पोचते. तेव्हा मी पोलादपूरकडच्या वाड्यांवर नर्स होते. शुगर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना गोळी कधी घ्यायची, रोज पाय कसे बघायचे, हे घरी जाऊन शिकवत असे. त्यांतले शेळ्या राखणारे एक आजोबा पायाला मुंग्या येतात म्हणून लेकीबरोबर सवला निघाले आणि सुट्टी होती म्हणून मीही गेले. थंडीतली सकाळ होती. कुंडावर वाफ तरंगत होती, पलीकडची झाडं तिच्यात विरघळत होती आणि माणसांचे आवाज कापसातून आल्यासारखे येत होते. लेकीने पायाचं बोट बुडवलं आणि चटकन मागे घेतलं. आजोबा मात्र घोट्यांपर्यंत पाय सोडून, डोळे मिटून बसले होते. "बाबा, भाजत नाय काय?" तिने विचारलं. "नाय गो, गारच हाय पानी," ते हसले. क्षणभर मला त्यांच्या त्या सुखाचा हेवा वाटला. मग एकदम कळलं, शुगरने त्यांचे पाय बधिर झालेत, आणि मी ओरडतच ते बाहेर ओढले. तळवे लालभडक झाले होते आणि आजोबा नवलाने माझ्याकडेच बघत होते. पाणी आधी हाताने बघा, एवढंच सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. आता शुगर मलाही आहे. रोज सकाळी बादलीतलं पाणी आधी हाताने बघते, मग पायावर घेते. पायालाही ते तेवढंच ऊन लागलं, की त्या दिवसापुरतं हायसं वाटतं.