लाल फडकं

इंजिनाचा बेल्ट बदलला की इंजिन फिरतं, अशी लोकांची एक समजूत आहे. माझीही होती.

माझी अख्खी नोकरी रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये गेली. त्यामुळे आमची जुनी पांढरी गाडी मेकॅनिककडे नेणं म्हणजे हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून जिलेबी आणणं! रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं, तेलीबांध्याला आमचं नवं घर झालं होतं, आणि आमची एकुलती एक पोट्टी, स्वाती, नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. (राजधानी दारात आली आणि पोट्टी दारातून चालली. असं आमचं नशीब!)

"स्टेशनवर तुले मीच सोडीन, आपल्या गाडीनं," असं मी तिला कबूल केलं होतं. शाळा, क्लास, कॉलेज, सगळीकडे तिला मीच सोडत आलो होतो. आता शेवटचं सोडणं ऑटोवाल्याच्या हाती द्यायचं? शक्यच नाही. म्हणून ती निघायच्या दिवशीच सकाळी मी गाडीचा बेल्ट बदलायला घेतला.

"आजच काहून?" आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, कडाडल्या. "चालून राहिली ना गाडी?"

"रस्त्यात तुटला तं?"

(घरात बसून पोरीच्या बॅगा भरताना बघण्यापेक्षा गाडीखाली पडून राहणं सोपं होतं. हे काही मी तिला सांगितलं नाही.)

आता आमच्या शेडचा एक नियम सांगतो. काम चालू असताना इंजिन चुकून फिरू नये म्हणून त्याला अटकण लावायची, आणि समोर लाल फडकं टांगायचं. काम झालं की आधी अटकण काढायची, मगच फडकं. फडकं नाही म्हणजे अटकण नाही! त्या नियमानं मी गाडीखालून इंजिनाच्या दातेरी चाकात एक मोठा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, अडकवला, स्टीअरिंगला लाल फडकं टांगलं, बेल्ट बदलला आणि जेवायला गेलो. ढेकर देत परत आलो, तर स्टीअरिंगला फडकं नव्हतं. म्हणजे अटकण मी काढलेलीच असणार. नियम म्हणजे नियम! किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

शेजारचे साहूजी बनियनवरच धावत आले. "बैटरी गई, भाईसाहब!" त्यांनी स्वतःच्या गाडीची बॅटरी काढून लावली. टक्. मग पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, लोकांनी धक्का मारला. मी गिअर टाकला, तर चाकं फिरायचं सोडून घासतच गेली!

"बेल्ट उल्टा तो नहीं लगा दिए?" साहूजींनी हळूच विचारलं.

"उलटा? मी?" मी असा काही तापलो! (आणि त्यांची पाठ वळताच बेल्टचं झाकण उघडून बघून घेतलं.)

"लिंबू उतरवू का?" सुनंदा म्हणाली.

"उतरव!"

लिंबू उतरलं. टक्.

"पप्पा, ट्रेन छूट जाएगी," स्वाती म्हणाली. (तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.) "ऑटो बुला लूँ?"

"थांब ना बेटा थोडं," मी म्हणालो. मला भलतंच रडू येत होतं.

शेवटी ऑटो आला. गोल बाजारातून घेतलेली तिची मोठी काळी बॅग मी स्वतः उचलली, आणि तशीच धरून उभा राहिलो. मुठीला लाल फडकं बांधलेलं!

"हे कुठून आणलं?"

"स्टीयरिंग पर लटका था. ट्रेन में सबके बैग काले होते हैं ना, पहचान के लिए बाँध लिया."

"अगं पोट्टे, काम चालू असताना फडकं काढत नसतेत!"

"घर है पप्पा, शेड नहीं!"

मी इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली शिरलो, पेचकस उपसून काढला आणि किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू! "हव, मैं तो बोल ही रहा था, छोटी-सी बात है," साहूजी म्हणाले. ऑटोवाला बडबडत परत गेला.

स्टेशनच्या वाटेवर मागच्या सीटवरून सुनंदानं हळूच विचारलं, "खरंच विसरले का हो? का तुमच्या मनातच नव्हतं?"

मी हॉर्न वाजवला. समोर रस्ता रिकामा होता.

लाल फडकं दिसलं की गाडी थांबलीच पाहिजे, हे मी जन्मभर शेडमधल्या नव्या लोकांना बजावत आलो. त्या दिवशी स्वाती डब्याच्या दारात उभी राहून हात हलवत होती. तिच्या पायाशी बॅग, आणि बॅगेवर माझं फडकं चांगलं फडफडत होतं, अख्ख्या फलाटाला दिसेल असं.

गाडी काही थांबली नाही. नियम बहुतेक आमच्या शेडपुरताच होता!