पंगतीतून उठलेला माणूस

किपरकाकांच्या उजव्या हाताचं एकही बोट सरळ नव्हतं. सारी जवानी मोहल्ल्याच्या क्रिकेट टीमसाठी विकेटमागे कॉर्कचा बॉल अडवण्यात गेली, त्याचा हा प्रसाद. काका चिडले आणि बोट टीव्हीकडे रोखलं, की ते बोट शेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडे वळायचं. तो बिचारा दचकून विचारायचा, मी काय केलं? आणि काका तर दिवसातून दहादा चिडायचे. गोळीबार चौकात त्यांचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान होतं. बापाचा हातमाग होता, तो बंद पडला, मग दुसऱ्यांनी विणलेल्या साड्यांचे काठ शिवणं नशिबी आलं. वाकड्या बोटांनी सुईत दोरा ओवता येत नसे. दुकानात येईल त्याला आधी ते काम लावत, मग साडी हातात घेत.

मोहल्ल्यातल्या कुठल्याही लग्नात वाढायला काका पुढे. आग्रह करून करून माणसाला हैराण करायचे, पण एक नियम होता. पंगतीतून उठून ज्यानं हात धुतला, त्याला पुन्हा वाढायचं नाही. एकदा नवरदेवाचा सख्खा मामा हात धुऊन आला आणि गरम जिलेबी बघून पुन्हा बसला. काका परात घेऊन सरळ पुढे निघून गेले. मामा रुसला, सोयरे धावत आले. काकांनी एवढंच विचारलं, "हात धुतला ना गा? मंग झालं." त्यांचं म्हणणं साधं होतं. मागे लोक उपाशी उभे आहेत, तू जागा सोडलीस, आता ती तुझी नाही.

टीमही त्यांनी तशीच सोडली. चांगले खेळत होते, कोणी जा म्हटलं नव्हतं. एका संध्याकाळी मैदानावर सगळ्यांसमोर घामट वासाचे ग्लोव्हज माझ्या हातात दिले आणि म्हणाले, उद्यापासून तू. मी नुकता कॉलेजात गेलेलो. रात्रभर ते ग्लोव्हज उशाशी घेऊन झोपलो, आई वासानं वैतागली.

त्याच वर्षी आम्ही फायनलला पोचलो. पण सेमी फायनलमध्ये माझ्या हातून एक सोपा कॅच सुटला होता. दुसऱ्या दिवशी टीमचे अध्यक्ष दुकानात आले. अध्यक्ष म्हणजे स्वतःच्या पैशानं बॅटी आणायचे म्हणून ओपनिंगला स्वतःच जाणारे गृहस्थ. मी तिथेच काकांच्या सुईत दोरा ओवत बसलो होतो. माझी पर्वा न करता ते म्हणाले, पोराच्या हातात बॉल बसत नाही, एका मॅचपुरते परत या. माझ्या हातातला दोरा सुईत जाईना. खरं सांगतो, त्या वेळी धरणी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

काकांनी मशीन थांबवलं. "मी माह्या मनानं उठलो. माह्या जागेवर हा बसला, आता कुठं पहिला घास घेऊन राहिला. त्याले हात धरून उठवू? मंग तो पुन्हा कोणाच्या पंगतीत बसन काय गा?"

फायनल आम्ही कामठीच्या टीमशी हरलो. त्या दिवशी माझ्या हातून काही सुटलं नाही. आमची बॅटिंग पत्त्यांसारखी कोसळली, अध्यक्षांची तर पहिल्याच बॉलवर दांडी गुल. आणि मोहल्ल्यानं खापर कुणावर फोडावं? काकांवर! काका आले असते तर जिंकलो असतो म्हणे. अरे, काका अकराव्या नंबरावर खेळायचे. ते येऊन काय दिवे लावणार होते? पण हे कुणाला सांगायचं? इतकी वर्षं हे एकच तुणतुणं वाजत राहिलं, आणि काका ते ऐकून निमूट पिको करत राहिले.

काकांच्या दुकानात गणपतीशेजारी एका महान बॅट्समनचा फोटो होता. नाव कशाला हवं, तुमच्याही घरात असेल. तो निवृत्त झाला त्या दिवशी काकांनी शटर पाडलं, जेवले नाहीत, लहान मुलासारखे रडले. आणि आता गेल्या वर्षी टीम चार मॅच काय हरली, सगळ्या देशाला त्याची उबळ आली. परत ये, परत ये. टीव्हीवर तेच, मोहल्ल्याच्या ग्रुपवर तेच. माझं डोकं सणकतं या लोकांमुळे. खेळत होता तेव्हा दोनदा लवकर आउट झाला की हेच म्हणायचे, म्हातारा झाला, हाकला. तेव्हा याच जिभा होत्या ना?

अध्यक्ष तर पेढे घेऊन दुकानात हजर. तुमचा देव परत येऊन राहिला, म्हणाले. त्यांना वाटलं काका नाचतील. काकांनी पेढ्याला हात लावला नाही. बोट अध्यक्षांकडे रोखलं, ते माझ्याकडे वळलं. "त्याच्या पत्रावळीत वाढलेलं होतं, तरी तो उठला. मागच्यासाठी उठला. आता जो पोरगा त्याच्या जागेवर खेळून राहिला, त्याच्या मायले जाऊन सांगा ना, तुह्या लेकराले उठवून राहिलो म्हणून. हाय हिंमत?"

त्या हिवाळ्यात काका गेले. तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, मी वाढायला होतो. पंगतीत अध्यक्ष पुरी चावत शेजाऱ्याला सांगत होते, माणूस भला, पण हेकेखोर. त्या वर्षी कप यांच्यापायी गेला. ज्याच्या नावाचं जेवत होते, त्याच्याबद्दल! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण काकू दारातच उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं होतं. तेरवीत तमाशा नको म्हणून मी पुऱ्या वाढत राहिलो.

पंगत उठली. अध्यक्षांनी हात धुतले, रुमालाला पुसले. दुसरी पंगत बसत होती, तेवढ्यात कढईतून गरम वडे निघाले. अध्यक्ष बसणाऱ्यांना सरकवून मध्येच बसले आणि पत्रावळ पुढे ओढली. दोनच वाढ, म्हणाले.

मी परात घेऊन त्यांच्यासमोर थांबलो. तेरवीला आलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं? माझा हात वड्याकडे गेलाच होता. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, हळू, पण सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा.

"पुढं चाल गा. त्यायनं हात धुतला."

मी पुढच्या पत्रावळीवर वडे वाढले.